प्राथमिक आरोग्य केंद्रात नवजात बाळासाठी आय-जेल ठेवावं का?

प्रश्न मेळघाटच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा आहे. महिन्याला २०-२५ बाळंतपणं होतात. अधूनमधून एखादं बाळ रडत नाही, ॲम्बू केला, म्हणजे मास्क लावून हातानं बॅग दाबत श्वास दिला, की बहुधा सावरतं. पण कधी मास्क लावूनही छाती हलत नाही. इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालणं, इंटर्नशिपनंतर केलेलं नाही, आणि त्यासाठी घशात बघायला लागणाऱ्या लॅरिंजोस्कोपचा दिवा लागेलच याची खात्री नाही. नवजात बाळालाही आय-जेल, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी टेकणारी वाटी असलेली नळी, घालतात असं त्यांच्या कानावर आलंय. ते मागवावं का, मग मास्कची गरज उरते का, आणि सिस्टरनी घातलं तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

डॉक्टर, आधी सरळ उत्तरं देतो. मागवा. मास्कची गरज संपत नाही. आणि सिस्टरना तर तुमच्याही आधी शिकवा, कारण रात्री दोनला टेबलाशी त्याच असतात. तुम्ही क्वार्टरमधून चप्पल अडकवून येईपर्यंत पहिलं मिनिट निघून गेलेलं असतं.

आता सविस्तर. मोठ्या माणसाचं हृदय बंद पडतं ते बहुतेकदा हृदयाच्याच दुखण्यानं. नवजात बाळाचं तसं नसतं. त्याचं हृदय चांगलं असतं, पण फुप्फुसात अजून पाणी असतं आणि हवा गेलेली नसते, म्हणून ठोके मंदावतात. फुप्फुस एकदा फुगलं की बऱ्याच बाळांचे ठोके अर्ध्या मिनिटात १००च्या वर येतात. १०० बाळांमागे साधारण १० बाळांना काही ना काही मदत लागते आणि त्यातल्या साधारण निम्म्या बाळांना पुसणं, पाठ चोळणं, मान नीट ठेवणं एवढंच पुरतं. बॅगनं श्वास द्यावा लागतो तो ५ जणांना. ट्यूबपर्यंत गोष्ट जाते ती २ जणांची, आणि छाती दाबायची वेळ हजारात १ ते ३ बाळांवर येते.

हे आकडे तुमच्या केंद्राला लावून बघा. वर्षाला २५०-३०० बाळंतपणं, त्यातल्या जोखमीच्या बाया तुम्ही आधीच वर पाठवता. म्हणजे ट्यूबची गरज पडणारी बाळं वर्षाला फार तर दोन-चार, आणि त्यातली एखादी तुमच्या सुट्टीत. एवढ्या कमी वेळा, तेही घामाघूम होऊन केलेलं काम कोणाच्याच हातात बसत नाही. मेडिकल कॉलेजच्या एनआयसीयूमधल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) रेसिडेंटचाही पहिला प्रयत्न पुष्कळदा चुकतो, आणि त्याला तर रोज सराव असतो. इंट्युबेशन येत नाही म्हणून तुम्हाला जे अपराधी वाटतंय ते आधी सोडा. मास्क हरल्यावर आणि ट्यूब घालणारा कोणी नसताना मधे काय, एवढाच तुमच्यापुढचा प्रश्न आहे. आय-जेलची जागा नेमकी तिथे आहे.

पण मास्क हरला असं म्हणण्याआधी तो खरंच हरलाय का ते बघायला हवं. आमच्याकडे ज्या केसेस 'बॅगला दाद दिली नाही' अशी चिठ्ठी घेऊन येतात, त्यातल्या बऱ्याच बाळांना मास्क नीट बसवला की दाद मिळते. मास्कच्या कडेनं हवा निसटत असेल तर बॅग कितीही दाबा, पंक्चर ट्यूबमध्ये पंप मारल्यासारखं होतं. बघायचं छातीकडे, बॅगकडे नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क, लहान बाळाला ० नंबरचा. तो नाक, तोंड आणि हनुवटीचं टोक झाकतो, डोळ्यांवर येत नाही. डोळ्यावर दाब पडला तर ठोके आणखी मंदावतात आणि आपण समजतो बाळच खालावतंय. अंगठा आणि तर्जनीनं मास्क धरा, उरलेल्या बोटांनी हनुवटी वर उचला. मास्क चेहऱ्यावर दाबण्यापेक्षा जबडा मास्ककडे आणायचा, ही गोष्ट हाताला कळायला वेळ लागतो. मान फार मागे टाकली तरी श्वासमार्ग बंद होतो, पुढे वाकली तरी बंद होतो. खांद्याखाली घडी केलेला छोटा टॉवेल ठेवला की अर्धी भांडणं मिटतात.

बॅगचंही बघा. नवजात बाळाची बॅग २४० ते ५०० मिलीची असते. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास जेमतेम १५-२० मिलीचा. तरीही कुठे कुठे कपाटातून मोठ्यांची ॲम्बू निघते, आणि घाईत तीच वापरली जाते. ती लेबर रूममधून उचलून बाहेर ठेवा. धुतल्यानंतर बॅग जोडताना व्हॉल्व्ह उलटा बसला की बॅग दाबली जाते, आवाजही येतो, पण हवा बाळाकडे जात नाही. म्हणून दर पाळीला मास्कचं तोंड तळहातावर घट्ट दाबून बॅग दाबायची. हाताला दाब लागला पाहिजे आणि ३०-४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला सुटणाऱ्या व्हॉल्व्हमधून फुस्स आवाज आला पाहिजे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. विदर्भातले दोन उन्हाळे पत्र्याच्या कपाटात काढलेला स्वस्त पीव्हीसीचा मास्क कडक होतो आणि मग गालावर बसतच नाही. सिलिकॉनचा मागवा. इंडेंट करताना स्टोअरवाले 'मास्क आहे की' म्हणतील, तेव्हा त्यांनाच तो तळहातावर दाबून बघायला सांगा.

छाती हलत नसेल तर क्रम असा: मास्क पुन्हा बसवा, मान सरळ करा, तोंड आणि मग नाक साफ करा, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास द्या, तरीही नाही तर थोडा जास्त दाब द्या. हे सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गती मिनिटाला ४० ते ६०. 'दाबा, दोन, तीन' असं मोठ्यानं म्हणत राहिलं की गती आपोआप राहते आणि शेजारच्या सिस्टरलाही कळतं कुठवर आलंय. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेवर करा. ऑक्सिजनचं सिलिंडर ओढत आणण्यात पहिलं मिनिट घालवू नका. ठोके नाळेच्या मुळाशी किंवा स्टेथोनं ६ सेकंद मोजून १०नं गुणा.

एवढं करूनही छाती हलत नाही किंवा ठोके चढत नाहीत, तेव्हा आय-जेल. आय-जेल हा लॅरिंजियल मास्कचाच एक प्रकार. ही कल्पना इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांची, १९८१ सालची. श्वासनलिकेत नळी न घालता तिच्या तोंडाशी एक छोटी वाटी टेकवायची, म्हणजे स्वरयंत्र डोळ्यांनी बघायची गरज नाही आणि लॅरिंजोस्कोपही नको. जुन्या प्रकारात वाटीभोवतीची कड सिरिंजनं फुगवावी लागते, नवजात बाळाच्या १ नंबरला जास्तीत जास्त ४ मिली हवा. आय-जेलची कड मऊ जेलसारख्या प्लास्टिकची असते, फुगवायची नसते. लेबर रूमच्या गडबडीत सिरिंज शोधायची एक पायरी वाचते, म्हणून मी आय-जेलच सुचवतो. १ नंबर, २ ते ५ किलोच्या बाळासाठी.

घालायची रीत. वाटीच्या पाठीला पाण्यात विरघळणारी जेली लावा. वाटीचं उघडं तोंड बाळाच्या हनुवटीकडे. एका बोटानं हनुवटी खाली ओढा, टाळूला चिकटवून मागे सरकवा, अडेल तिथे थांबा. जोर लावायचा नाही. लगेच बॅग जोडा आणि छाती बघा. दोन्ही बाजूंना हवेचा आवाज ऐका आणि पट्टीनं नीट चिकटवा. सवयीच्या हाताला हे काही सेकंदांचं काम आहे. छाती हलली नाही तर काढून एकदा पुन्हा घाला. तरीही नाही तर परत मास्कवर या, दोघांनी मिळून. एकानं दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्यानं बॅग दाबायची. दोन माणसांचा मास्क ही फार दुर्लक्षित युक्ती आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

मग थेट आय-जेलनंच सुरुवात का करू नये? हा प्रश्न तुम्ही एकट्यानंच विचारलेला नाही. २०१८च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) असं दिसलं होतं की मास्कच्या तुलनेत लॅरिंजियल मास्कनं इंट्युबेशनची गरज कमी होते आणि श्वास देण्याचा वेळही घटतो. त्यानंतर युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात मोठा अभ्यास झाला, तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सुईणींना थोडक्यात शिकवून हजारावर बाळांमध्ये आय-जेल आणि मास्क यांची तुलना केली. सुईणींना आय-जेल घालता आलं, त्यानं वेगळा धोका दिसला नाही, पण सुरुवातीचे मृत्यू आणि मेंदूला गंभीर इजा मिळून प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं, आय-जेलकडे २७.४ टक्के, मास्ककडे २४.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक नाही. २०२३मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं ३४ आठवड्यांच्या पुढच्या बाळांत मास्कऐवजी आधीच हे साधन वापरणं ग्राह्य ठरू शकतं असं म्हटलंय. 'ठरू शकतं' यावरच त्यांनी ठेवलंय.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे आधी मास्कच. मास्क प्रत्येक उपकेंद्रात आहे, आय-जेल नाही. तुमच्याकडे शिकलेली सिस्टर उद्या बदलीवर दुर्गम उपकेंद्रात गेली तर तिच्या हाताशी बॅग-मास्क असेल, आणि तोवर तिचा मास्कचा हात गेला असेल तर काय करायचं? पण मास्क जमत नाही हे कळल्यावर ट्यूबच्या भानगडीत दोन-तीन मिनिटं घालवण्यापेक्षा आय-जेल शंभर पटीनं बरं. छाती दाबायची वेळ आलीच, म्हणजे ठोके ६०च्या खाली राहिले, तर त्याआधीही हवा नक्की जाते आहे याची खात्री ट्यूबनं किंवा आय-जेलनं करायची असते. हवा न जाता छाती दाबणं ही केवळ दमछाक.

काही बाळांत तर आय-जेल मास्कपेक्षा उघडच सरस. खालचा जबडा फार छोटा आणि जीभ मागे पडणारी बाळं, म्हणजे पिएर रॉबिन. अशा बाळांत मास्क बसत नाही आणि ट्यूब घालणं अनुभवी माणसालाही जड जातं. आय-जेल जिभेच्या मागे जाऊन बसतं. ते हाताशी नसेल तर बाळाला पालथं करा, जीभ पुढे येते. दोन्ही नाकपुड्या मागून बंद असलेलं बाळ असेल, तर तोंडातून एअरवे घातला तरी काम भागतं. असं बाळ रडताना गुलाबी आणि तोंड मिटलं की निळं होतं, ही खूण सिस्टरना सांगून ठेवा.

कुठे चालत नाही तेही नीट सांगतो. २ किलोच्या आतली, ३४ आठवड्यांच्या आधीची बाळं: मास्कच, आणि शक्य असेल तर बॅगला पीप व्हॉल्व्ह, म्हणजे श्वास सोडतानाही फुप्फुसात थोडा दाब टिकतो. टी-पीस, म्हणजे ठरवलेल्या दाबानं श्वास देणारं उपकरण, चांगलं असतं पण त्याला दाबाखालचा गॅस सतत लागतो. तुमच्याकडे लोडशेडिंग आणि सिलिंडरचा हिशेब पाहता बॅगच भरवशाची. आय-जेलमधून श्वासनलिका साफ करता येत नाही. फार जास्त दाब लागणाऱ्या फुप्फुसात कडेनं हवा निसटते. १ नंबरच्या आय-जेलला पोटात नळी सोडायची वाट नसते, मोठ्या नंबरांना असते. त्यामुळे मास्कनं आधीच पोट फुगलं असेल तर ८ नंबरची नळी तोंडातून घालून हवा काढून घ्या आणि मगच आय-जेल. पोट खपाटीला गेलेलं, छाती फुगलेली आणि ठोके उजवीकडे ऐकू येणारं बाळ दिसलं तर डायफ्रॅमच्या हर्नियाचा, म्हणजे आतडी छातीत सरकल्याचा, संशय घ्या. तिथे मास्कनंही आतडी फुगतात. त्याला ट्यूबच हवी, आणि ती तुमच्याकडे नसेल तर पोटातली नळी घालून कमीत कमी दाबानं श्वास देत ताबडतोब फोन लावा.

मेकोनियमबद्दल, म्हणजे बाळानं पोटातच केलेल्या शीबद्दल, अजून जुनंच चाललेलं दिसतं. २०१५पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मलूल बाळ मेकोनियममध्ये माखलं असलं तरी नेमानं ट्यूब घालून श्वासनलिका शोषायची नाही. तोंड-नाक साफ करा आणि श्वास द्या. शोषण्याच्या नादात बाळ श्वासाविना राहतं. म्युकस एक्स्ट्रॅक्टर तोंडानं ओढायची जुनी सवयही सोडा. सक्शन मशीनचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवा.

ट्यूब ठेवायची की नाही? ठेवा, पण ती तुमची पहिली वाट नसू द्या. शिकायचीच असेल तर जिल्हा स्त्री रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विभागात) महिनाभर पाळ्या मागून घ्या. २ किलोवरच्या बाळाला ३.५, एक ते दोन किलोला ३, त्याखाली २.५. ओठापाशी खोली म्हणजे वजनात ६ मिळवा, तीन किलोला ९ सेंटिमीटर. एक प्रयत्न ३० सेकंदांच्या वर नाही. लॅरिंजोस्कोपचे सेल काढून वेगळे ठेवा, आतच गळून गंजतात.

विदर्भात हे काम नवं आहे असं समजू नका. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं घरच्या बाळंतपणात गावातल्या आरोग्यदूतांना न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं. आधी तोंडानं, मग ट्यूब-मास्कनं, मग बॅग-मास्कनं. २००५मध्ये त्यांनी या तिन्हींची तुलना छापली, त्यात बॅग-मास्क सरस दिसला. कमी शिकलेल्या बाईच्या हातात बॅग देऊन मृत्यू कमी होतात हे तिथे दिसून गेलंय. तेव्हा तुमच्या जीएनएम सिस्टर आय-जेल घालतील की नाही अशी शंका कोणी काढली तर त्यांना कंपालाच्या आधी गडचिरोली सांगा.

प्रशिक्षण मात्र एकदा करून विसरायची गोष्ट नाही. २००९मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा भर बॅग-मास्कवर आहे, दोन दिवसांत हात बसतो आणि सहा महिन्यांत सुटतो. बेळगाव, नागपूर आणि केनियातल्या रुग्णालयांत 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचा अभ्यासक्रम शिकवल्यावर एकूण मृत्यूंत ठळक घट दिसली नव्हती. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना, बाहुलीवर पाच मिनिटं. वहीत सही नको, हात दिसला पाहिजे. एक अडचण आहे: बॅग-मास्कसाठी मिळणाऱ्या साध्या बाहुलीत आय-जेल बसत नाही, घशाची रचना असलेली बाहुली लागते. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजांत बालरोग किंवा भूलशास्त्र विभागाला विचारा. भूलवाल्यांना आय-जेल रोजचं आहे, ते आनंदानं शिकवतात.

खरेदी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून सुचवा. दोन नग पुरे, पण एकाची मुदत संपायच्या आत दुसरा यायला हवा. हे एकदाच वापरायचं साधन आहे. ऑटोक्लेव्हमधून काढून पुन्हा वापरलेलं मी कुठे कुठे पाहिलंय, ते करू नका. पुन्हा वापरता येणारे लॅरिंजियल मास्क वेगळे असतात आणि त्यांवर किती वेळा निर्जंतुक करता येतील ते लिहिलेलं असतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून एक पानाचा लेखी प्रोटोकॉल मंजूर करून लेबर रूमच्या भिंतीवर लावा, म्हणजे सिस्टरनी पाऊल उचललं तर उद्या कोणी त्यांना विचारणार नाही, 'काहून घातलं?'

राहिली रेफरची बाब. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. आय-जेल घातलेलं बाळ १०८मध्ये वळणावळणानं नेताना ते सरकतं. पट्टी पक्की करा, बॅग-मास्क मांडीवरच असू द्या, आणि सोबत जाणाऱ्या सिस्टरला आय-जेल सरकलं तर काढून मास्कवर यायचं हे निघण्याआधी सांगा. बाळ स्वतः श्वास घेऊ लागलं, हातपाय हलवू लागलं तर ते काढून टाका, ओढत ठेवू नका. थंडीत मेळघाटातली रात्र बोचरी असते. टोपी, कोरडं कापड, आणि जमलं तर आईच्या उराशी. निघताना बाळाच्या रक्तातली साखर बघा.

आणि जिल्ह्याला पोचलं की पुढे मेंदू वाचवायला बाळाला थंड ठेवतात, मग घाई कशाची, असं कोणी म्हणालं तर २०२१चा हेलिक्स अभ्यास आठवा. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या एनआयसीयूंमध्ये थंड करण्याच्या उपचारानं मृत्यू आणि अपंगत्व मिळून प्रमाण कमी झालं नाही, मृत्यू उलट वाढले. म्हणून पहिल्या मिनिटात काय झालं ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: श्वास कितव्या मिनिटाला सुरू केला, मास्कनं छाती हलली का, आय-जेल कधी घातलं, ठोके १००च्या वर कधी आले, पहिला स्वतःचा श्वास कधी. 'बाळ रडलं नाही, रेफर' एवढंच लिहिलेलं असलं की इथे आम्हाला काहीच ठरवता येत नाही.